बंद दुकान आणि ग्राहकाचा हेलपाटा

दुकान उघडे असणे ही इतकी नेहमीची गोष्ट आहे, की ते बंद आढळेपर्यंत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. एखादी बाई घरची कामे आटोपून, पिशवी घेऊन, मैलभर चालत दुकानापाशी येते आणि दाराला कुलूप दिसते. दारावर पाटी असलीच, तर तीवर लिहिलेल्या वेळेप्रमाणे दुकान या क्षणी उघडे असायला हवे असते. शेजारी चौकशी करावी तर कोणी सांगते, ‘आताच गेले’. कोणी सांगते, ‘आज येणार नाहीत’. आणि कोणाला काहीच ठाऊक नसते. ती बाई थोडा वेळ पायरीवर बसते आणि रिकामी पिशवी घेऊन परत जाते. अशा फुकट गेलेल्या खेपेला मराठीत ‘हेलपाटा’ हा नेमका शब्द आहे.

व्यापाराच्या हिशेबात या हेलपाट्याची नोंद कोठेही होत नाही. वजनात मारले, भेसळ केली किंवा जास्त दर लावला, तर निदान एक व्यवहार घडलेला असतो. वस्तू असते, पावती असते, तक्रारीला काही आधार असतो. बंद दारापुढून परतलेल्या माणसाने काहीच विकत घेतलेले नसते. ग्राहकांच्या हक्कांसाठी भारतात १९८६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि २०१९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. परंतु या दोन्ही कायद्यांत ग्राहकाची मूळ कल्पना मोबदला देऊन वस्तू वा सेवा घेणारा अशीच आहे. जो घ्यायला आला आणि घेऊ शकला नाही, त्याचे नुकसान या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. तरीही हे नुकसान खरे असते, आणि काही लोकांच्या बाबतीत ते वजनातल्या मापापेक्षाही मोठे असते. ते कसे घडते आणि ते टाळण्यासाठी समाजाने आजवर काय केले, हे पाहणे म्हणून उपयुक्त ठरेल.

वार आणि वेळ

दुकानाची वेळ हा विक्रेता व ग्राहक यांच्यामधला एक न लिहिलेला करार असतो. याचे सर्वांत जुने आणि आजही टिकून असलेले रूप म्हणजे आठवड्याचा बाजार. मंगळवारचा बाजार मंगळवारीच भरतो, हे दहा गावांना ठाऊक असते. उरलेले सहा दिवस त्या मैदानात एकही पाल नसते, पण त्याबद्दल कोणी रागावत नाही. कारण बुधवारी तेथे कोणी जातच नाही. राग दुकान बंद असण्याचा नसतो, ते अनपेक्षितपणे बंद असण्याचा असतो, ही साधी गोष्ट या उदाहरणावरून स्पष्ट होते.

दुपारी दुकाने बंद ठेवण्याची पुण्यातील, गोव्यातील किंवा सौराष्ट्रात राजकोट येथील सवय परगावच्या माणसाला चमत्कारिक वाटते. तेथील रहिवाशांना मात्र तिचा त्रास फारसा होत नाही. दुपारी एक ते चार या वेळात दार लावलेले असणार, हे गृहीत धरूनच ते घराबाहेर पडतात. ठरलेली आणि सर्वांना ठाऊक असलेली अडचण माणूस आपल्या दिवसात बसवून घेतो. न ठरलेली अडचण मात्र त्याचा अख्खा दिवस विस्कटून टाकते.

दुकान बंद करणे याला भारतात सार्वजनिक अर्थही फार पूर्वीपासून आहे. घरांवर बसविलेल्या कराच्या विरोधात बनारसच्या लोकांनी १८१०-११ मध्ये आपले व्यवहार बंद ठेवले होते. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याच्या निषेधार्थ देशभर हरताळ पाळण्यात आला. अशा बंदमध्ये ग्राहकाची गैरसोय होते, परंतु ती जाहीर केलेली असते आणि तिच्यामागचे कारण त्याला सांगितलेले असते. त्यामुळे तो त्या बंदच्या बाजूने किंवा विरोधात मत तरी बनवू शकतो. कारण न सांगता लावलेले दार मात्र त्याला मत बनविण्याचीही संधी देत नाही.

कायद्याच्या नजरेतला ग्राहक

दुकानांच्या वेळांविषयीचे कायदे भारतात झाले ते मुख्यतः दुकानातील नोकरांसाठी. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत गल्ल्यामागे उभ्या राहणाऱ्या मुलांना आणि माणसांना विश्रांती मिळावी, आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, हा त्यांचा हेतू होता. १९४२ च्या साप्ताहिक सुटी कायद्याने आठवड्यातून एक दिवस दुकान पूर्ण बंद ठेवण्याचे तत्त्व मांडले. हा कायदा कोठे लागू करावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार प्रांतांकडे, पुढे राज्यांकडे, देण्यात आला. पाठोपाठ मद्रास प्रांताने १९४७ मध्ये, मुंबई प्रांताने १९४८ मध्ये आणि दिल्लीने १९५४ मध्ये दुकाने व आस्थापनांसाठी आपापले कायदे केले.

नोकरांसाठी केलेल्या या कायद्यांत ग्राहकाचाही विचार डोकावतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९४२ च्या कायद्याप्रमाणे सुटीचा वार कोणता, हे दुकानदाराने दर्शनी भागात कायमची सूचना लावून जाहीर केले पाहिजे, आणि तो वार तीन महिन्यांतून एकदाहून अधिक वेळा बदलता येत नाही. म्हणजे सुटी घेण्याचा अधिकार दुकानदाराला आहे, पण ती लहरीप्रमाणे घेण्याचा नाही. मद्रासच्या कायद्यात आणखी एक लहानशी तरतूद आढळते. दुकान बंद करण्याची वेळ झाली त्या क्षणी जो ग्राहक सामान घेत असेल किंवा आपली पाळी येण्याची वाट पाहत असेल, त्याला पुढच्या पाव तासात माल देता येतो. कामगाराची सुटका वेळेवर झाली पाहिजे आणि दारात पोहोचलेल्या माणसाला विन्मुख पाठवू नये, या दोन्ही गोष्टींचा मेळ त्या पाव तासात घातलेला आहे.

पुढे काळ बदलला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने दुकानांसाठी एक नमुना कायदा तयार केला. वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडे ठेवण्यास मुभा द्यावी, सुटी मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एकदा मिळावी, असे त्याचे सूत्र होते. महाराष्ट्राने याच धर्तीवर २०१७ मध्ये नवा कायदा केला. दुकानाची सुटी आणि माणसाची सुटी या दोन गोष्टी येथे वेगळ्या केल्या गेल्या. तथापि, उघडे ठेवण्याची परवानगी आणि उघडे ठेवण्याचे बंधन यांत अंतर आहे. खाजगी दुकान किती वाजता उघडावे, हे बहुतांशी दुकानदाराच्या मर्जीवरच अवलंबून राहते. गावात चार किराणा दुकाने असतील तर यात विशेष बिघडत नाही. एक बंद असले तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते, आणि वारंवार बंद राहणाऱ्याची गिऱ्हाइके तुटतात. ही शिक्षा कोणत्याही कायद्याहून जलद आणि परिणामकारक असते.

दुसरे दुकान नसलेला ग्राहक

परंतु ज्याला दुसरे दुकानच नाही, त्याचे काय? भारतात असा ग्राहक थोडाथोडका नाही. रास्त भावाच्या दुकानावर, म्हणजेच लोक ज्याला रेशनचे दुकान म्हणतात त्यावर, धान्यासाठी अवलंबून असलेली कोट्यवधी कुटुंबे याच वर्गात मोडतात.

शहरातील शिधावाटपाचा आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. मुंबईत ते मे १९४३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि धान्याचे वाटप ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार बळावला. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाल्यावर खरेदी, साठवण आणि वाटप यांची देशव्यापी साखळी उभी राहिली. जून १९९७ पासून दारिद्र्यरेषेखालील आणि वरील असे शिधापत्रिकांचे भाग करण्यात आले. डिसेंबर २००० मध्ये अत्यंत गरीब कुटुंबांसाठी अंत्योदय योजना आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला धान्याचा कायदेशीर हक्क दिला. सर्वसाधारण लाभार्थ्याला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो, असे त्याचे प्रमाण आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य दिले जाते. देशातील अशा दुकानांची संख्या पाच लाखांच्या वर आहे.

या साखळीची शेवटची कडी म्हणजे दुकानाचे दार. शिधापत्रिका दीर्घ काळ एकाच दुकानाशी जोडलेली असे. ते बंद असेल तर पत्रिकाधारकाला शेजारच्या दुकानात जाता येत नसे. महिन्याचे धान्य त्या महिन्यातच न्यायचे. नेले नाही तर अनेक ठिकाणी ते बुडालेच म्हणायचे. अशा स्थितीत महिन्यातून चार-पाच दिवसच, तेही आधी न सांगता, दुकान उघडत असेल, तर कागदावरचा हक्क आणि पदरात पडलेले धान्य यांच्यामध्ये ते दार उभे राहते.

याचा हिशेब मांडून पाहता येईल. पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला २५ किलो धान्य मिळते. बाजारात तेच धान्य ३० रुपये किलोने मिळते असे मानले, तर त्याची किंमत ७५० रुपये होते. घरातील मिळवत्या बाईची रोजची मजुरी ३०० रुपये मानली आणि दुकान बंद असल्यामुळे तिचे दोन रोज बुडाले, तर ६०० रुपये गेले. म्हणजे तिसऱ्या खेपेला धान्य मिळाले तरी त्यातून उरलेला लाभ दीडशे रुपयांचा. आणि तिसरा रोजही त्यासाठी बुडाला असेल, तर तोटाच. पगारी नोकराला रजा घेता येते, व्यापाऱ्याला मुलाला किंवा गड्याला पाठविता येते. रोजंदारीवरील माणसाला स्वतःचाच दिवस मोडावा लागतो. बंद दाराची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याचा दिवस सर्वांत स्वस्त मोजला जातो, त्यालाच ती सर्वांत महाग पडते.

दुकान बंद का राहते

हे सर्व केवळ दुकानदाराच्या दुष्टपणामुळे घडते, असे समजणे सोपे असले तरी अपुरे आहे. रास्त भावाचे दुकान चालविणाऱ्याला क्विंटलमागे ठरावीक कमिशन मिळते. अन्न सुरक्षा कायद्याखाली केंद्राने सर्वसाधारण राज्यांसाठी त्याचा आधारभूत दर क्विंटलला ७० रुपये धरला होता. २०२२ मध्ये तो ९० रुपये करण्यात आला. एखाद्या दुकानाला चार माणसांची एक अशा ३०० शिधापत्रिका जोडलेल्या आहेत असे मानले, तर महिन्याचे धान्य ६० क्विंटल आणि ९० रुपयांच्या दराने कमिशन ५,४०० रुपये होते. जागेचे भाडे, वीज, हमाली आणि मापाड्याची मजुरी यातूनच भागवायची. एवढ्या उत्पन्नावर कोणी महिनाभर सकाळ-संध्याकाळ दुकान उघडून बसेल, ही अपेक्षा कागदावर ठीक वाटते. प्रत्यक्षात दुकानदार दुसरा धंदा करतो आणि धान्य आले की चार दिवस दुकान उघडतो.

१९९७ च्या वर्गवारीने ही अडचण वाढविली. दारिद्र्यरेषेच्या वरील कुटुंबांसाठी धान्याचे दर वाढत गेले, तसे ते ग्राहक दुकानाकडे फिरकेनासे झाले. विक्री घटली आणि दुकान चालविणे परवडेनासे झाले, हा मुद्दा मधुरा स्वामिनाथन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी त्या काळीच मांडला होता. या बदलाचा आणखी एक परिणाम झाला. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मधील आपल्या एका गाजलेल्या पुस्तकात असमाधानी ग्राहकापुढील दोन मार्ग सांगितले आहेत: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण देऊन त्यांनी दाखविले, की ज्यांच्या तक्रारीला वजन होते ते ग्राहक मालमोटारींकडे वळले आणि त्यामुळे रेल्वे सुधारण्याऐवजी ढिलीच राहिली. रेशनच्या दुकानाबाबत असेच काहीसे झाले. शिक्षक, कारकून, लहान दुकानदार रांगेतून निघून गेले. मागे राहिले ते ज्यांना जाण्यासाठी दुसरी जागा नव्हती आणि ज्यांचा आवाज तहसील कचेरीपर्यंत पोहोचत नव्हता.

याशिवाय माल येण्यातील विलंब हेही एक खरे कारण असते. धान्य महिन्याच्या उत्तरार्धात पोहोचले तर दुकानदार आधी उघडून काय विकणार? पूर्वी अनेक राज्यांत त्याला स्वतःच गुदामातून माल उचलावा लागे. चलन भरणे, गाडी ठरविणे, गुदामावर रांगेत थांबणे यात दिवस जात, आणि तोवर दुकानाला कुलूप असे.

परंतु एक कारण असे आहे, की ज्याचा परवडण्याशी संबंध नाही. ग्राहकाने न नेलेले धान्य दुकानात शिल्लक राहते, आणि वहीत ते ‘नेले’ असे दाखवून खुल्या बाजारात विकता येते. किराणा दुकानदाराला दुकान बंद ठेवण्याने तोटा होतो; अशा दुकानदाराला मात्र फायदा होतो. दुकान जितके कमी वेळ उघडे, तितके धान्य अधिक उरते. बंद दार हा येथे आळसाचा परिणाम न राहता कमाईचे साधन बनतो. चार फेऱ्या मारूनही माणूस दमून घरी बसला, तर त्याच्या दमण्याचाही भाव मिळतो.

न्यायालयाचे आदेश

२००१ मध्ये ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे आली. राजस्थानसह अनेक भागांत दुष्काळ असताना सरकारी गुदामे धान्याने भरलेली होती. लोक उपाशी का, असा प्रश्न विचारणारी याचिका ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेने त्या वर्षी दाखल केली. २३ जुलै २००१ च्या आदेशात न्यायालयाने महाराष्ट्रासह काही राज्यांना सांगितले, की शिधावाटपाची जी दुकाने बंद असतील ती एका आठवड्याच्या आत उघडून तेथे नियमित पुरवठा सुरू करावा. अन्नाच्या हक्काविषयीच्या या प्रदीर्घ खटल्यातील आरंभीचाच आदेश दुकानाच्या दाराविषयी असावा, ही गोष्ट सूचक आहे.

२ मे २००३ च्या आदेशाने याच्या पुढचे पाऊल टाकले. जो परवानाधारक महिनाभर ठरलेल्या वेळेत दुकान उघडे ठेवणार नाही, त्याचा परवाना रद्द करावा, असे न्यायालयाने बजावले. जादा दर घेणे, लोकांच्या शिधापत्रिका स्वतःकडे ठेवून घेणे, खोट्या नोंदी करणे आणि काळाबाजार करणे हे दोषही त्याच यादीत होते. म्हणजे दुकान बंद ठेवणे हा किरकोळ गैरसोयीचा प्रकार नसून काळ्या बाजाराच्या पंक्तीला बसणारा दोष आहे, असे मानले गेले. गरीब कुटुंबांना महिन्याचे धान्य हप्त्याहप्त्याने घेण्याची मुभाही याच आदेशाने दिली. ही मुभा आणि महिनाभर दुकान उघडे ठेवण्याची अट या एकमेकींना पूरक आहेत, कारण ज्याच्या हातात एका वेळी थोडेच पैसे असतात, त्याला एकाच दिवशी उघडणारे दुकान उपयोगाचे नसते.

२००१ मध्येच केंद्र सरकारने सार्वजनिक वितरण व्यवस्थेसाठी नियंत्रण आदेश काढला. दुकान उघडण्याची व बंद होण्याची वेळ, आलेला साठा, शिल्लक साठा, प्रत्येकाच्या वाट्याचे प्रमाण, दर आणि तक्रार कोणाकडे करावी त्या अधिकाऱ्याची माहिती, हे सारे फलकावर लिहिण्याचे बंधन त्यात घालण्यात आले. हा फलक वाचणाऱ्याला प्रश्न विचारता येतो. ‘माल आला नाही’ असे उत्तर मिळाले, तर साठ्याच्या आकड्याकडे बोट दाखविता येते.

दोन राज्यांचे मार्ग

आदेश आणि फलक यांनी किती फरक पडतो, हे शेवटी दुकान कोणाच्या हातात आहे यावर अवलंबून असते. तमिळनाडूत बहुसंख्य दुकाने सहकारी संस्था चालवितात. तेथे विक्रेता हा पगारी कर्मचारी असतो. उरलेले धान्य त्याच्या मालकीचे नसते. शिवाय त्या राज्याने १९९७ नंतरही सर्वांसाठी रेशन चालू ठेवले. त्यामुळे रांगेत सर्व थरांतले लोक राहिले, आणि दुकान वेळेवर उघडले नाही तर बोलणारेही राहिले.

छत्तीसगडने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. २००४ मधील आदेशाने त्या राज्याने दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महिलांचे बचत गट यांच्याकडे सोपविली. कमिशन वाढविले आणि सरकारी व्यवस्थेतून माल दुकानाच्या दारापर्यंत पोहोचविण्याची सोय केली. महिन्याच्या आरंभी ठरलेल्या दिवशी गावासमोर तांदूळ वाटण्याची प्रथा ‘चावल उत्सव’ या नावाने पाडली. या प्रथेत आठवड्याच्या बाजाराचे जुने शहाणपण दिसते: दिवस एक असो, पण तो सर्वांना ठाऊक असो. दुकान जिच्या ताब्यात आहे ती बाई गावातलीच असल्यामुळे तिला बंद दाराचा जाब विहिरीवरही विचारता येतो. दुकानापर्यंत माल पोहोचविण्याची जबाबदारी राज्य सरकारची आहे, हे तत्त्व पुढे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातही आले.

उघडे असून बंद

अलीकडच्या काळात शिधापत्रिका एकाच दुकानाशी बांधून ठेवण्याची पद्धत सैल झाली आहे. छत्तीसगडने २०१२ मध्ये रायपूर शहरात कोणत्याही दुकानातून धान्य घेण्याची मुभा देऊन पाहिली. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र प्रदेश व तेलंगण आणि महाराष्ट्र व गुजरात या राज्यांच्या जोड्यांपासून सुरू झाली. जून २०२२ मध्ये आसाम सामील झाल्यावर ती देशभर पसरली. हिर्शमन यांच्या भाषेत सांगायचे, तर ज्याला निघून जाण्याचा मार्ग नव्हता, त्याला तो मिळाला. ज्या गावात एकच दुकान आहे तेथे मात्र हा मार्ग पुढच्या गावापर्यंतची पायपीट मागतो.

धान्य देण्यापूर्वी बोटाचा ठसा जुळविणारे यंत्रही आता दुकानात आले आहे. खोट्या नोंदींना त्यामुळे आळा बसतो आणि कोणत्या दिवशी किती लोकांना धान्य मिळाले याची नोंद राहते, हा त्याचा लाभ निर्विवाद आहे. परंतु डोंगरातल्या वाडीत जोडणी मिळत नाही, वीज जाते, किंवा वर्षानुवर्षे माती-दगडाचे काम केलेल्या बोटांचा ठसा यंत्राला ओळखू येत नाही. तेव्हा दार उघडे असते, दुकानदार जागेवर असतो, पोती भरलेली असतात, आणि तरीही त्या माणसापुरते दुकान बंदच असते. ‘उद्या या’ हे उत्तर पूर्वी दुकानदार देत असे. आता ते यंत्राच्या नावाने दिले जाते. हेलपाटा मात्र तोच राहतो.

बंद दाराचा भार कोणी सोसावा

या प्रश्नाला कायद्याने दुसऱ्या एका क्षेत्रात फार पूर्वी उत्तर दिले आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्यातील दहाव्या कलमाप्रमाणे, एखादी गोष्ट न्यायालयात वा कचेरीत ठराविक दिवशी किंवा मुदतीत करायची असेल आणि त्या अखेरच्या दिवशी ते न्यायालय वा कचेरी बंद असेल, तर पुढे ज्या दिवशी ती उघडेल त्या दिवशी केलेली गोष्ट मुदतीतच केली असे मानले जाते. यामागील न्याय साधा आहे. दार ज्याने बंद ठेवले, त्याने त्या बंदचा भार उचलावा. दारापर्यंत आलेल्या माणसाचा हक्क त्यामुळे बुडू नये.

हाच न्याय रेशनच्या दुकानाला लावला, तर बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. दुकान बंद असल्यामुळे राहिलेले धान्य पुढील महिन्यात मिळाले पाहिजे. अन्न सुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमात, हक्काचे धान्य न मिळाल्यास त्याऐवजी राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, अशी तरतूद आहेच. तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग, तर देखरेखीसाठी दक्षता समित्या व सामाजिक लेखापरीक्षण यांचीही सोय त्या कायद्यात आहे. ही साधने वापरात यावीत यासाठी आधी एक गोष्ट घडावी लागते: माणूस दारापर्यंत आला होता, याची नोंद. दुकानात विक्रीची वही असते, साठ्याची वही असते. परंतु रिकाम्या हाताने परतलेल्यांची वही नसते. जेथे गावातील लोक दुकान उघडण्याचे दिवस स्वतः लिहून ठेवतात, तेथे लेखापरीक्षणाच्या वेळी दुकानदाराच्या वहीशी ताडून पाहण्यासाठी दुसरा कागद हाती येतो, आणि तक्रारीला प्रथमच पुरावा मिळतो.

दुकानदाराच्या बाजूनेही न्याय व्हायला हवा. महिनाभर दार उघडे ठेवण्याची अपेक्षा असेल, तर त्या महिनाभराचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे, आणि माल महिन्याच्या आरंभी त्याच्या दारात पोहोचला पाहिजे. ते शक्य नसेल तेथे थोडेच पण निश्चित दिवस ठरवावेत आणि ते पाळावेत. दवंडी, फलक किंवा दूरध्वनीवरील संदेश, कोणत्याही मार्गाने का होईना, दिवस आधी कळला तर मजुराला आपला रोज वाचविता येतो. खाजगी दुकान असो, बँक असो की सरकारी कचेरी, हे सूत्र सर्वत्र सारखेच लागू पडते. भारतातील बँका सप्टेंबर २०१५ पासून महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात आणि इतर शनिवारी पूर्ण वेळ काम करतात, असे ठरले; दिवस नक्की झाल्यामुळे लोकांनी ते आपल्या व्यवहारात बसवून घेतले.

पायरीवर बसलेल्या त्या बाईला दुकान रात्रंदिवस उघडे नको असते. पाटीवर लिहिलेल्या वेळी ते उघडे असावे, आणि नसेल तर तिने घर सोडण्यापूर्वी तिला ते कळावे, एवढीच तिची अपेक्षा असते. १९४२ च्या कायद्याने दुकानाच्या दर्शनी भागात जी एक कायमची सूचना लावायला सांगितली होती, तिचा अर्थही एवढाच होता.